कन्नडचा घाट, ओस मालधक्के आणि मराठवाड्याचा माल

शिवनाकाठचा

कन्नडच्या घाटातून अवजड वाहनं बंद झाली त्याला वर्षं उलटली. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आदेश दिला. तेव्हापासून मोठा ट्रक चाळीसगावला न्यायचा तर देवगाव रंगारी, शिऊर बंगला, नांदगाव असा वळसा पडतो. बोगद्याची चर्चा त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे आणि त्यावर भरपूर लिहून झालं आहे. मला इथे दुसरी बाजू मांडायची आहे.

माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. हंगामात मका आणि अद्रकीची खरेदीही करतो. युरिया मालगाडीने येतो, मालधक्क्यावर उतरतो, तिथून ट्रकने माझ्या दारात. पण माझ्याकडून जो माल बाहेर जातो त्यातलं एक पोतंही रेल्वेने जात नाही. मका खानदेशात आणि गुजरातेत, अद्रक सुरतेला, दिल्लीला, सगळं टायरवर. तालुक्यातल्या बाकी व्यापाऱ्यांचंही तेच. घाट अडला की वळशाचं डिझेल भाड्यात धरलं जातं आणि भाड्यातली वाढ शेवटी शेतकऱ्याच्या भावातून कापली जाते. अद्रकीला तर एक रात्र जास्त लागली तरी गोण्या आतून तापतात.

सोलापूर-धुळे महामार्गाचा (जुना २११, आता ५२) नकाशा काढून बघा. सोलापूर ते येडशी चौपदरी झाला, येडशी ते संभाजीनगर झाला, पुढे करोडी ते तेलवाडी झाला. घाटाखाली बोढरे ते धुळे, तेही झालं. राहिला तो तेलवाडी ते बोढरे, म्हणजे खुद्द घाट. दोन्हीकडून चौपदरी रस्त्याने सुसाट आलेली वाहतूक औट्रमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, बैलगाडीच्या काळात आखलेल्या वळणांवर येऊन पडत होती. तो थकला यात नवल काय?

पण एवढा माल घाटात आला कुठून, हे कुणी विचारत नाही. यातला बराचसा माल एकेकाळी रुळांवर होता. मालधक्के ओस पडत गेले आणि घाट भरत गेले, या दोन्ही गोष्टी एकाच काळात घडल्या. आपण मात्र घाटासाठी एका खात्याचं दार वाजवतो आणि मालगाडीसाठी कुणाचंच नाही. रेल्वेला दिलेली निवेदनं आठवा: मुंबईला गाडी द्या, पुण्याला गाडी द्या, आमच्या स्टेशनाला थांबा द्या. मालधक्का द्या असं निवेदन मी तरी पाहिलेलं नाही. माझं म्हणणं आहे की घाट आणि मालगाडी हा एकच प्रश्न आहे आणि तो एकत्रच मागायला हवा.

तुमच्याकडे काय स्थिती आहे? कोणता घाट थकला आहे, कुणाचा माल कसा जातो, मालधक्का चालू आहे की नाही, लिहा.

दहाटायर_पाचोड

दादा, बराबर लिव्हलं. मी दहा टायर चालवितो. कापसाच्या गाठी, मका, कधी सळई.

लोकान्ला वाटतं घाट चढायला अवघड. भरल्या गाडीला चढताना नुसता टाइम लागतो. अवघड हाय ते उतरणं. ज्या गेरमधी चढायचं त्याच गेरमधी उतरायचं, हे उस्तादानं आधी शिकवलेलं. पर घाटात पुढची गाडी थांबली, परत निघाली, परत थांबली की पाय ब्रेकावरून निघतच न्हाई. लायनर तापतेत. त्याचा वास येतो, कडू, नाकात बसणारा. तो वास आला की समजायचं ब्रेक आता अर्धाच धरणार. नवे पोरं घाबरून तापल्या ड्रमावर गार पाणी मारतेत, त्यानं ड्रमाला चिरा जातेत. खरं तर गाडी बाजूला घेऊन, चाकाला दगड लावून, हवेनंच निवू द्यायची. पर कन्नडच्या घाटात बाजूला घ्यायला जागा कुठं व्हती? एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला कठडा, तोबी जागोजाग ढासळलेला.

आता नांदगावाकडून जातो. त्यो रस्ता बी एवढ्या वजनाचा नव्हता. गावाच्या मधून जावं लागतं. शाळा सुटायच्या टायमाला गाडी नुसती रांगवत न्यावी लागती. घाटातली भीती गावात आली, दुसरं काय झालं?

रेल्वेचं म्हणाल तर आमच्या पोटावर पाय यील असं काही जण म्हणतील. मला तसं वाटत न्हाई. स्टेशनापासून गिरणीपर्यंत, शेतापासून स्टेशनापर्यंत गाडी लागणारच. जवळचं भाडं मिळालं तर रातच्याला घरी तरी येता यील.

खडक_आणि_मुरूम

रस्तेबांधणीच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

आपले डोंगर दख्खनच्या बेसाल्टचे आहेत. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले, आणि दोन थरांच्या मध्ये कितीतरी ठिकाणी विटकरी-लाल मातीचा पट्टा असतो. घाटातून जाताना कापलेल्या कड्यात तो आडवा, हाताच्या वितीएवढा किंवा त्याहून जाड दिसतो. वरचा काळा खडक भेगांचा, त्यातून पाणी सहज मुरतं. ते लाल थरावर येऊन अडतं. थर भिजतो, फुगतो, मऊ होतो. वरच्या खडकाचा आधार निसटला की शिळा सुटतात. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे कन्नड घाटात एका रात्रीच्या पावसाने अनेक ठिकाणी दरडी आल्या, रस्ता खचला, गाड्या अडकल्या आणि घाट बंद करावा लागला. लोक म्हणाले ढगफुटी झाली. पाऊस प्रचंड होता हे खरंच. पण त्या पावसाला वाट देणारी गटारं आणि मोऱ्या तुंबलेल्या असतील तर रस्ता स्वतःच ओढा होतो.

जुन्या घाटरस्त्याचं आयुष्य डांबरावर कमी आणि डोंगराच्या बाजूच्या गटारावर जास्त अवलंबून असतं. गटार गाळाने भरलं की पाणी रस्त्यावर येतं, रस्ता ओलांडून दरीच्या बाजूच्या भरावात मुरतं आणि भराव सरकतो. रस्त्याला लांबीच्या दिशेने, दरीकडच्या कडेला समांतर भेग दिसली तर ओळखावं की खालून सुरुवात झाली आहे. त्या भेगेत नुसतं डांबर ओतून उपयोग नसतो, पण बहुतेक वेळा तेवढंच होतं. मोरी साफ करण्याच्या कामाचं उद्घाटन होत नाही, म्हणून त्याला पैसा शेवटी मिळतो.

आता वजनाचं. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले आणि झीज मोजली. त्यातून एक ढोबळ नियम हाती आला: रस्त्याचं नुकसान आसावरच्या (म्हणजे चाकं जोडणाऱ्या एका दांड्यावरच्या) भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एका आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वाढ दिसायला १३ टक्क्यांच्या आतबाहेर. चौथा घात काढलात तर झीज १.६ पट होते. हे कायद्यात बसणाऱ्या गाडीचं. त्यावर चढवलेल्या वजनाचा हिशोब तुम्हीच करा. आणि घाटात हाच भार वळणावर, ब्रेक दाबत, चढावर रेटा देत पडतो.

म्हणून शिवनाकाठचा यांचं म्हणणं मला तांत्रिक दृष्टीनेही पटतं. घाटावरून शंभर मोटारी कमी केल्याने रस्त्याला जो आराम मिळत नाही तो एक भरलेला ट्रेलर कमी केल्याने मिळतो.

गौताळा_पायवाट

रुंदीकरण करून टाका असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: हा घाट गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या अंगाने जातो. १९८६ पासूनचं अभयारण्य आहे. २०२१ मध्ये टिपेश्वरहून चालत आलेला वाघ इथे राहिला. डोंगर आणखी कापणं म्हणजे खडक_आणि_मुरूम यांनी सांगितलेला लाल थर आणखी उघडा पाडणंही आहे. बोगदा किंवा रूळ, दोन्हीला माझी हरकत नाही. कापाकापीला आहे.

मालबाबू_परभणी

मी रेल्वेत मालबाबू होतो, आता निवृत्त. मीटरगेजच्या, म्हणजे जुन्या अरुंद रुळांच्या, काळापासूनचं पाहिलेलं सांगतो.

मनमाड-सिकंदराबाद हा रस्ता निजामाच्या काळातला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच चालू झालेला. जालना, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा या स्टेशनांवर मालाची शेड असायची, कापसाच्या हंगामात गाठींच्या थप्प्या लागायच्या. दहा पोती असोत की एक गाठ, फुटकर माल घेतला जायचा. एक वाघीण (मालगाडीचा डबा) भरेल एवढा माल असेल तर व्यापारी तसा अर्ज द्यायचा, वाघीण बाजूच्या रुळावर लागायची, भरून झाली की सील, पावती, आणि पुढच्या मालगाडीला जोडली जायची.

त्यात दुःखही भरपूर होतं, ते लपवत नाही. मीटरगेज मनमाडला संपायचा. तिथे हमाल लोक छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत माल हाताने चढवायचे. पोती फुटायची, माल भिजायचा, दावे वर्षानुवर्षं चालायचे. सुटी वाघीण एका यार्डातून दुसऱ्या यार्डात जोडत-तोडत जायची, धावण्यापेक्षा यार्डात उभी राहण्यातच तिचा जास्त वेळ जायचा. म्हणून ऐंशीच्या दशकापासून रेल्वेने धोरण बदललं. फुटकर बंद, सुटी वाघीण बंद, पूर्ण गाडी भरणाऱ्यालाच प्राधान्य. कोळसा, सिमेंट, खत, धान्य यांना ते मानवलं. परळीच्या वीज केंद्राचा कोळसा आजही रुळांवरूनच येतो. देशाच्या एकूण गणितात रेल्वेचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

पण मराठवाड्यात पूर्ण गाडी भरणारे किती? बंद डब्यांची एक गाडी म्हणजे ४० ते ४२ वाघिणी, अडीच हजार टनांच्या आसपास माल. दहा टायरच्या ट्रकमध्ये १८ टन धरले तर जवळपास १४० ट्रक. सेलूच्या जिनिंगवाल्याने एका दिवशी १४० ट्रकचा माल कुठून आणायचा? नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झालं, मनमाडची हमाली संपली, माल एकाच वाघिणीत देशभर जाऊ शकेल अशी सोय झाली. आणि त्याच सुमारास छोट्या व्यापाऱ्याला वाघीण मिळणं बंद झालं. तो ट्रककडे गेला, आणि एकदा ट्रकची सवय झाली की माणूस परत येत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातल्या मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा ८० टक्क्यांच्या वर होता. राष्ट्रीय रेल्वे योजनेत तो २७ टक्के धरलाय आणि २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलंय. ती वाढ फक्त कोळशातून होणार नाही. छोट्या स्टेशनावरचा छोटा माल परत आणावाच लागेल.

जालना_रोलिंग

मालबाबू काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून विरोधी बाजू मांडतो. आमचा सळईचा व्यवसाय आहे.

मला रेल्वे नको आहे असं नाही. पण ग्राहक मला आज संध्याकाळी फोन करतो, उद्या दुपारी त्याच्या साइटवर सळई लागते. २० टन इथे, १५ टन तिथे. ट्रेलर कारखान्यात भरतो आणि थेट साइटवर उतरवतो. रेल्वेत काय होतं? कारखान्यातून मालधक्क्यावर एकदा चढ-उतार, पलीकडे परत एकदा. हमाली दुप्पट, सळई वाकण्याची भीती दुप्पट. धक्क्यावर रात्री पुरेसा उजेड नाही, पावसात चिखल, जड मालाला क्रेन आपलीच न्यायची. गाडी कधी लागेल ते नक्की नाही, पण लागली की घड्याळ सुरू. ठरलेल्या तासांत रिकामी केली नाही तर डॅमरेज. आमच्या ओळखीतल्या एकाने एकदा कच्चा माल रेल्वेने मागवला. गाडी रविवारी मध्यरात्री लागली, हमाल सकाळी आले, आणि वाचवलेलं भाडं दंडात गेलं. त्याने परत रेल्वेचं नाव काढलं नाही.

ड्रायपोर्टचंही सांगतो, म्हणजे समुद्रापासून लांब कंटेनर उतरवायच्या बंदराचं. डिसेंबर २०१५ मध्ये जालन्याच्या ड्रायपोर्टची पायाभरणी झाली. आम्ही सगळे उत्साहात होतो, कारण भंगार बंदरातून येतं आणि कंटेनर थेट जालन्यात उतरला तर मोठा फरक पडतो. दहा वर्षं होऊन गेली आणि जालन्याची सळई प्रामुख्याने ट्रेलरवरच निघते. व्यापारी वाट बघत बसत नाही, तो ट्रेलर विकत घेतो. एकदा ट्रेलरचे हप्ते सुरू झाले की तो ट्रेलर चालवावाच लागतो.

समृद्धीवरून

जालन्याच्या दादांशी सहमत. ५ जून २०२५ ला समृद्धीचा शेवटचा टप्पा उघडला, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर सलग. जालना, संभाजीनगर दोन्ही त्यावर. इगतपुरीचा बोगदा झाल्यामुळे कसारा घाटाचाही त्रास संपला. आता मालगाडीची एवढी काळजी कशाला?

शिवनाकाठचा

समृद्धी पूर्व-पश्चिम जाते. माझी मका उत्तरेला जाते. मराठवाड्यातून खानदेशात उतरायचं तर अजिंठ्याची डोंगररांग आडवी आहे, तिला समृद्धीचा उपयोग नाही. कन्नड बंद म्हणजे एकीकडे नांदगावचा वळसा आणि दुसरीकडे फर्दापूरचा अजिंठा घाट. शिवाय संभाजीनगरहून कन्नडकडे येताना दौलताबादच्या किल्ल्याची वेस आहे, जिच्यातून एका वेळी एकच मोठी गाडी निघते. नवा महामार्ग झाला म्हणून हे जुने रस्ते तरुण झाले नाहीत.

गंजगोलाई

लातूरहून लिहितोय. आसावरच्या भाराचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमची बार्शी लाइट रेल्वे. रुळांतलं अंतर फक्त २ फूट ६ इंच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ती उभी केली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी, आणि १९११ मध्ये गाडी लातूरला आली. कॅलथ्रॉपने ठरवलं होतं की इंजिन असो की वाघीण, एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला, त्यामुळे हलके रूळ टाकून, थोडक्या खर्चात, बालाघाट चढून गाडी आणता आली. येडशीजवळ रामलिंगच्या डोंगरातून ती वर येते. शंभर वर्षांपूर्वी ज्याला हे कळलं होतं ते आज ५२ नंबरच्या महामार्गावर आपण विसरलो आहोत.

लातूरची पेठ त्या गाडीबरोबर वाढली. २००८ पर्यंत सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला, धाराशिव शहरही मार्गावर आलं. त्याच मार्गाने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, नंतर ५० वाघिणी, एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर. तेवढं पाणी रस्त्याने आणायचं तर दहा हजार लिटरचे अडीचशे टँकर बालाघाटावर चढवावे लागले असते. स्टेशनावर नळी जोडताना आम्ही उभे होतो. ज्याने ते पाहिलं त्याला मालगाडी काय करू शकते हे सांगावं लागत नाही. त्याच रुळांवरून आमची तूरडाळ आणि सोयापेंड मात्र थोडीच जाते.

एक अडचण विभागांची आहे. लातूर स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. तिथून जवळच लातूर रोड, ते दक्षिण मध्यच्या सिकंदराबाद विभागात. परभणी, जालना, संभाजीनगर नांदेड विभागात, जो २००३ मध्ये झाला आणि तोही दक्षिण मध्यचाच, जिचं मुख्यालय सिकंदराबादला. मराठवाड्याचा माल म्हणून एकत्र बघणारं टेबल कुठल्याच कार्यालयात नाही.

धारूरकर

आमच्या घाटाबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. खामगाव-पंढरपूर हा ५४८ सी, शेगावच्या दिंडीचा रस्ता. दोन्ही बाजूंना सिमेंटचा रुंद रस्ता झाला आणि धारूरचा घाट तसाच अरुंद राहिला. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर त्यातून जातात. मागच्या ट्रॉलीला ब्रेक नसतो. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून उचलली जाताना मी शाळेत जाता-येता पाहते, आणि ट्रॅक्टर चालवणारा मुलगा आमच्याच शाळेतून दोन-तीन वर्षांपूर्वी गेलेला असतो. ऊस रेल्वेने जाणार नाही हे कळतं मला. पण कारखान्यातून निघालेली साखर जाऊ शकते, आणि ती त्याच घाटातून ट्रकने जाते.

बीड_नवी_लाइन

धारूरच्या ताईंनी साखरेचा मुद्दा काढला ते बरं झालं.

अहिल्यानगर-बीड-परळी ही २६१ किलोमीटरची लाइन. १९९५ च्या सुमारास मंजूर झाली. आष्टीपर्यंत गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये आली आणि बीडला १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी. स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हातारी माणसं रूळ बघायला आली होती. पुढचं परळीपर्यंतचं काम चालू आहे. ते जुळलं की मनमाड किंवा सोलापूरला न जाता परळीहून सरळ पुण्याकडे मार्ग होईल.

आमच्याकडे कापूस, कांदा, साखर, सोयाबीन आहे. पण चर्चा ऐका, सगळी पुण्याच्या गाडीची वेळ काय आणि मुंबईला थेट कधी याचीच. तेही हवंच, त्यासाठी तीन दशकं वाट पाहिली. पण मालाची बाजू नंतर मागायची म्हटलं तर स्टेशनाभोवतीची जागा प्लॉट पडून संपलेली असेल. मालधक्क्याला लांब सरळ रूळ लागतो, ट्रक वळायला मोकळी जागा लागते, पक्का रस्ता लागतो. ही जागा आजच राखून ठेवायला हवी.

मालबाबू_परभणी

जालन्याच्या दादांनी लिहिलेलं सगळं खरं आहे. मध्यरात्रीच्या डॅमरेजच्या पावत्या मीच फाडलेल्या आहेत आणि समोरच्या माणसाचा चेहराही मला आठवतो. पण ते सगळं सुधारता येण्यासारखं आहे. दिवे, काँक्रीटचा धक्का, शेड, गाडी निघाल्यावर व्यापाऱ्याला वेळेवर निरोप, यात अवघड काहीच नाही.

गाडी कधी लागेल हे न कळण्याचं मोठं कारण एकेरी मार्ग. मुदखेड-परभणी दुहेरी झाला, पण परभणीपासून मनमाडकडे मालगाडी जागोजागी बाजूच्या रुळावर उभी राहते, प्रवासी गाड्या पुढे काढल्या जातात. देशभरात मालगाडीचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास आहे, तो धावण्याचा वेग नाही, उभं राहण्यासकट धरलेला आहे. अंकाई ते संभाजीनगर दुहेरीकरणाचं काम चालू आहे, आणि संभाजीनगर ते परभणीला जुलै २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. त्यामुळे पुढच्या काही वर्षांत इथे मालगाड्यांना जागा होणार आहे. त्या जागेवर मराठवाड्याने आधी हात ठेवला नाही तर त्यावरून दुसऱ्यांचा माल जाईल आणि आपण फाटकात उभे राहून डबे मोजू.

छोटा माल रेल्वेने जात नाही असं म्हणणाऱ्यांनी नगरसोल आठवावं. देशातली पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला सुटली. त्यानंतर नांदेड विभागातल्या नगरसोलहून कांद्याच्या गाड्यांवर गाड्या सुटल्या, गुवाहाटीपर्यंत. फळं-भाजीपाल्याच्या भाड्यात निम्मी सवलत होती. वेगवेगळ्या व्यापाऱ्यांचा माल एकाच गाडीत गेला. सवलत थांबली, गाड्या थांबल्या. पण माल गोळा होतो, गाडी भरते आणि वेळेत पोचते हे सिद्ध झालं.

दहाटायर_पाचोड

नगरसोलला मी कांदा टाकायचो. सकाळी एक खेप, दुपारी एक. घाट न्हाई, टोल न्हाई. त्या हंगामासारखा धंदा परत झाला न्हाई.

शिवनाकाठचा

सगळ्यांचं वाचलं. जालन्याच्या दादांचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या वीस टनांच्या सळईला ट्रेलरच योग्य आहे, त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. रुळांवर परत यावा असा माल वेगळा आहे: एकाच हंगामात ढिगाने येणारा, लांब जाणारा, एक-दोन दिवसांनी काही बिघडत नाही असा. मका, सोयापेंड, साखर, कापसाच्या गाठी, तूरडाळ. हा माल घाटातून निघाला तर राहिलेल्या ट्रकांना, एसटीला, दवाखान्यात निघालेल्या माणसाला घाट मोकळा राहील, आणि बोगदा झाला तरी तोही लवकर झिजणार नाही.

मला तीन मागण्या एकाच निवेदनात मांडायच्या आहेत. जुन्या घाटांची गटारं-मोऱ्या दर उन्हाळ्यात साफ करायला वेगळा, ठरलेला पैसा. दुहेरीकरणाच्या कामातच प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेजवळ एक चांगला मालधक्का. आणि तिसरी, जिच्यासाठी मी हा धागा काढला: जालना-जळगाव नवीन मार्ग. १७४ किलोमीटर, ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर. राजूर, भोकरदन, सिल्लोड करत अजिंठ्याची रांग ओलांडून जळगावला जाणार. ज्या डोंगराने आमचा माल अडवलाय तोच डोंगर हा मार्ग ओलांडतो. सिल्लोड-भोकरदन भागातली मका, मिरची, कापूस बघता तिथे मालधक्का आराखड्यातच असायला हवा. भूसंपादन चालू असतानाच हे झालं तर झालं. बीडच्या भावाने लिहिलंय तेच, नंतर जागा उरत नाही.

बाजार समित्या, जिनिंगवाले, मका व्यापारी, ट्रकवाले, सगळ्यांच्या सह्या एका कागदावर हव्यात. ट्रकवाल्यांच्या तर सगळ्यांत आधी.

मालबाबू काका, एक व्यवहाराचं विचारतो. नवा मार्ग व्हायला वर्षं लागतील. यंदाच्या हंगामात मका रेल्वेने पाठवायची तर आम्ही काय करू शकतो?

मालबाबू_परभणी

पूर्ण गाडीचा विचार सोडा. मिनी रेक मागा, २० वाघिणींची. बाराशे टनांच्या आसपास मका लागेल, म्हणजे तुमच्या हिशोबाने पासष्ट-सत्तर ट्रक. कन्नड, वैजापूर, लासूरचे चार-पाच व्यापारी मिळून एवढा माल जमवू शकतात. मिनी रेकला अंतराची मर्यादा असते, ती आधी विचारून घ्या. गिऱ्हाईक लांबचं बघा, तमिळनाडूत नामक्कलकडे कोंबडीखाद्याचे कारखाने आहेत. जवळच्या अंतराला रेल्वे परवडत नाही.

भरण्याचं स्टेशन कन्नडहून घाट न लागता गाठता येईल असं हवं. लासूर, रोटेगाव किंवा दौलताबाद, कुठे मिनी रेक लावता येईल ते विभागाच्या वाणिज्य शाखेला लेखी विचारा. २०२० पासून प्रत्येक विभागात नव्या मालासाठी व्यवसाय विकास गट केलेला आहे, अर्ज त्यांच्याच नावे द्या. अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहा: कोणता माल, किती टन, कुठून कुठे, कोणत्या पंधरवड्यात. "सोय करावी ही विनंती" एवढ्यावर तिथे काही हलत नाही. हमालांच्या मुकादमाशी रात्रपाळीचं आधी बोलून ठेवा आणि पोती ओलावा तपासूनच भरा, बंद वाघिणीत ओली मका लगेच तापते.

अर्जाचा मसुदा मी करून देतो. नांदेडला यायला लागलं तर येईनही.

जालना_रोलिंग

मक्याची ही गाडी निघणार असेल तर भरताना मला बघायला यायचंय. आमच्याकडे पेंडवाले दोघे-तिघे आहेत, मिनी रेकचा विचार त्यांनी कधी केलेला नाही. मसुदा इथेच टाका काका, आम्हीही त्यावरूनच अर्ज करू.